हत्तीच्या पोटातलं घटिकापात्र



इब्न बतूता मॉलमधला हत्ती आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. २००५ साली हा मॉल जेबेल अलीजवळ सुरू झाला. तेव्हापासून भारतातून आई-वडील, सासू-सासरे आले की त्यांना तिथे न्यायचं, चीन, पर्शिया, इजिप्त असं फिरवत इंडिया कोर्टात आणायचं आणि हत्तीसमोर उभं करून फोटो काढायचा, हा दुबईकरांचा रिवाजच होऊन गेला आहे. हत्तीवर माहूत आहे, अंबारी आहे, वर पक्षी आहे, साप आहेत. एवढं बघून मंडळी जेवणाच्या दिशेनं वळतात. तो हत्ती म्हणजे घड्याळ आहे, आणि त्याचा आराखडा आठशे वर्षांपूर्वीच्या एका अरबी पुस्तकातून घेतलेला आहे, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

ज्यानं ते पुस्तक लिहिलं त्या माणसाबद्दल हा लेख. माझी पदवी मेकॅनिकलची आणि पोट भरतंय सॉफ्टवेअरवर (आपल्या मंडळातले निम्मे असेच!), त्यामुळे हा माणूस मला जरा जास्तच जवळचा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो.

त्याचं पूर्ण नाव बदी अल-झमान अबू अल-इझ्झ इस्माईल इब्न अल-रझ्झाझ अल-जझरी. दमलात ना? त्यातलं पाळण्यातलं नाव फक्त इस्माईल. बदी अल-झमान म्हणजे 'आपल्या काळातलं आश्चर्य', ही पदवी. इब्न अल-रझ्झाझ म्हणजे तांदूळवाल्याचा मुलगा. आपल्याकडे जशी धंद्यावरून आडनावं पडतात तसंच हे. आणि अल-जझरी म्हणजे जझीरेचा. जझीरा म्हणजे बेट, पण इथे अर्थ आहे तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांमधला वरचा प्रदेश, आपल्या भाषेत दुआब म्हणा. आज तो भाग तुर्कस्तान, सीरिया आणि इराक या तीन देशांत वाटला गेला आहे.

त्याच्याबद्दल जे काही कळतं ते जवळपास सगळं त्याच्याच पुस्तकातून. दरबारी इतिहासकारांनी राजांच्या लढाया लिहिल्या, तह लिहिले; घड्याळ बनवणाऱ्या कारागिराचं चरित्र लिहावं असं कुणाला वाटलं नाही. तो स्वतःही फार बोलत नाही. कुणाची नोकरी केली आणि किती वर्षं केली एवढं प्रस्तावनेत सांगतो आणि लगेच तांबं, पितळ, पाणी यांच्याकडे वळतो.

११७४ च्या सुमाराला तो अर्तुकी घराण्याच्या नोकरीत लागला. अर्तुकी म्हणजे तुर्कमान सरदारांचं एक मध्यम आकाराचं संस्थान. त्यांची जुनी राजधानी तैग्रिसच्या काठावरचं हसनकैफ. (हे गाव २०२० साली इलिसू धरणाच्या पाण्याखाली गेलं. कोयनेच्या, उजनीच्या पाण्यात गावं गेलेल्या लोकांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको.) ११८३ मध्ये सलाउद्दीननं आमिद शहर जिंकलं आणि ते अर्तुकींचा राजा नूरुद्दीन मुहम्मद याला देऊन टाकलं. आमिद म्हणजे आजचं दियारबकीर, काळ्या दगडाच्या तटबंदीचं. नूरुद्दीननंतर ११८५ मध्ये त्याचा मुलगा कुत्बुद्दीन सुकमान आणि १२०० च्या सुमारास दुसरा मुलगा नासिरुद्दीन महमूद गादीवर आला. बाप आणि दोन मुलगे, अशा तीन राजांची चाकरी जझरीनं केली. राजे बदलले, जेरुसलेमसाठी मोठमोठ्या लढाया झाल्या, हा माणूस मात्र त्याच दरबारात पंचवीस वर्षं टिकून राहिला. दर दोन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्या आपल्या पिढीला जरा विचित्रच वाटेल!

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. याच वर्षांत आपल्याकडे देवगिरीला यादवांची राजधानी उभी राहत होती. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेनं शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानतात. आणि 'सिद्धांतशिरोमणि' लिहिणारे भास्कराचार्य जझरी नोकरीला लागला तेव्हा साठीत होते. त्यांच्याकडे पुन्हा येऊ, कारण या हत्तीशी त्यांचा संबंध आहे.

राजवाड्यातल्या इंजिनिअरचं काम काय असेल? थोडक्यात सांगायचं तर राजेसाहेबांच्या मनात येईल ते. हात धुताना नोकरानं पाणी घालावं हे महमूदला आवडत नसे, तर जझरीनं आपोआप पाणी ओतणारी यंत्रं बनवली. रक्त काढण्याचा उपचार तेव्हा सर्रास चालायचा, त्यात किती रक्त गेलं हे दाखवणारी परातीसारखी भांडी बनवली. मेजवानीत पाहुण्यांची गंमत करायला पेले, सुरया, नावेत बसून वाद्यं वाजवणारे बाहुले बनवले. एका पेटीसाठी चार चकत्यांचं कुलूप बनवलं. प्रत्येक चकतीवर सोळा अक्षरं, चारही बरोबर जुळली तरच उघडणार. म्हणजे पासवर्डच की! राजवाड्यासाठी ओतीव पितळेच्या नक्षीचा मोठा दरवाजा केला, आणि पुस्तकात त्याचं वर्णन करताना नेहमी कोरडं लिहिणारा हा माणूस किंचित फुशारतो.

खरं सांगायचं तर यातली बरीचशी करमणूक होती. मला स्वतःला त्याची पाणी उपसण्याची यंत्रं सगळ्यांत मोलाची वाटतात. त्यातल्या एका पंपात दोन समोरासमोरची नळकांडी आहेत, एक खेचतं तेव्हा दुसरं ढकलतं, आणि चाकाच्या फिरण्याचं रूपांतर दट्ट्याच्या पुढे-मागे होण्यात केलेलं आहे. आज गाडीच्या इंजिनात हेच उलट्या दिशेनं चालतं. पण पन्नास यंत्रांच्या पुस्तकात पाणी उपसण्याला जागा मिळाली फक्त पाचांची, आणि दारूच्या मैफिलीतल्या भांड्यांना दहांची. पगार देणाऱ्याची आवड, दुसरं काय! आजकाल इंटरनेटवर त्याला जगातला पहिला रोबो बनवणारा, पहिला प्रोग्रामर वगैरे म्हणतात. माझ्या मते त्याला या बिरुदांची गरज नाही. तो काय होता हे त्याच्या कामातून स्वच्छ दिसतं, आणि ते जास्त मोठं आहे.

तो काय होता, तर तपासून बघणारा माणूस होता.

त्याच्या आधीही यंत्रांवर पुस्तकं होती. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी लिहिलेलं होतं, आर्किमिडीजच्या नावावर खपणारं पाणघड्याळाचं एक पुस्तक होतं. जझरीनं ती वाचली होती, त्यांचं ऋणही तो मोकळेपणानं मान्य करतो. पण त्याच्या लक्षात आलं की पुष्कळ आराखडे नुसते कागदावरचे आहेत, कुणी बांधून पाहिलेलेच नाहीत. जे करून बघितलं नाही ते खरं की खोटं हे सांगताच येत नाही, अशी त्याची साधी भूमिका.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण पुस्तकातल्या पहिल्याच घड्याळात आहे. हे किल्ल्याच्या आकाराचं घड्याळ, माणसाच्या दुप्पट उंचीच्या जवळपास जाणारं. वर राशिचक्र, सूर्य, चंद्र. खाली बारा दारं. दर तासाला एक दार उघडतं, दोन ससाणे पंख पसरून पुढे वाकतात आणि चोचीतला धातूचा गोळा खालच्या भांड्यात टाकतात, झांज वाजते. सहाव्या, नवव्या आणि बाराव्या तासाला ढोल-तुताऱ्यांचा ताफा वाजतो. रात्रीसाठी वेगळी उजळणारी काचेची तावदानं. लहान मुलांना वेड लागेल असा थाट!

अवघड भाग मात्र दिसत नाही, तो आतल्या पाण्यात आहे. त्या काळी तास ६० मिनिटांचा नव्हता. सूर्योदय ते सूर्यास्त याचे बारा सारखे भाग म्हणजे बारा तास. दियारबकीरला उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस पावणेपंधरा तासांच्या आसपास आणि हिवाळ्यातला लहान दिवस साडेनऊच्या आसपास. म्हणजे घड्याळाचा 'तास' रोज थोडा लांबणार किंवा आखडणार, आणि त्या हिशेबानं पाणी रोज वेगळ्या वेगानं सुटायला हवं. यासाठी जुन्या पुस्तकात एक युक्ती होती: अर्धवर्तुळाकार तबकडीवर राशी कोरायच्या, पाण्याची तोटी त्या त्या दिवशीच्या राशीसमोर आणायची. तोटी जितकी खाली, तितका पाण्याचा दाब जास्त आणि धार वेगवान. जझरीनं ती तबकडी तपासली. आकडे जुळेनात. अर्धवर्तुळ चुकीचं आहे हे त्याला दिसलं. मग त्यानं पूर्ण वर्तुळाची तबकडी घेतली, प्रत्येक राशीसाठी पाणी सोडून, मोजून खुणा केल्या, आणि त्या खुणांवर घड्याळ उभं केलं. आर्किमिडीजचं नाव असलेली गोष्ट चुकीची ठरवायला त्या काळात धाडस लागत असेल. तो मात्र त्याबद्दल काही बडेजाव न करता पुढच्या मापांकडे जातो.

त्यातच आणखी एक गोष्ट. तोटीवरचा दाब कायम राहावा म्हणून मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत पाणी घेताना त्यानं तरंगणारा शंकूच्या आकाराचा बूच वापरला. पाणी वाढलं की बूच वर येऊन भोक बंद, पाणी उतरलं की उघड. आपल्या फ्लशच्या टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह ज्यांनी दुरुस्त केला आहे त्यांना हे चित्र लगेच समजेल. हा व्हॉल्व्ह गळू नये म्हणून बूच आणि त्याची बैठक एकमेकांवर कुरुंदाची पूड घालून घासायची, असंही तो सांगतो. व्हॉल्व्हची बैठक आज गॅरेजमध्येही अशीच घासून बसवतात.

त्याच्या कामाच्या पद्धती बघितल्या की वाटतं, कार्यशाळेत त्याच्याबरोबर एखादा महिना काढायला मिळायला हवा होता. लाकूड वाकू नये म्हणून पातळ फळ्या एकावर एक चिकटवून वापरायच्या. चाक फिरवण्याआधी त्याचा तोल साधून घ्यायचा. गुंतागुंतीची वस्तू आधी कागदाची करून बघायची. पितळ ओतायला पेटीत दाबलेल्या ओलसर वाळूचा साचा. मापं वीत आणि बोटं यांत दिलेली. आमच्या पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याचा पत्रा ठोकून घंगाळ घडवणारा कारागीर यातलं निम्मं न शिकवता समजून घेईल. ज्यांना घरच्या गॅरेजमध्ये छोटा लेथ टाकून पितळी घड्याळ करण्याचा नाद आहे (असे लोक जगभर आहेत, आणि त्यांचा हेवा वाटतो) त्यांच्यासाठी तर हे पुस्तक म्हणजे पूर्वजाची वहीच.

आता हत्तीकडे येऊ.

हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी आहे. टाकीत एक वाडगं तरंगतं, त्याच्या तळाला बारीक भोक. भोकातून पाणी आत येत राहतं, वाडगं हळूहळू खाली जातं, आणि अर्ध्या तासानं भरून एकदम बुडतं.

ओळखलंत? हे आपलं घटिकापात्र!

लग्नात गुरुजी घंगाळात तांब्याची वाटी सोडायचे, ती बुडाली की घटिका भरली, मुहूर्त लागला. आपली वाटी २४ मिनिटांची, अहोरात्रात साठ वेळा बुडणारी. जझरीची अर्ध्या तासाची. तत्त्व एकच. भारतात ही वाटी जझरीच्या कित्येक शतकं आधीपासून वापरात होती, सूर्यसिद्धांतात तिचं वर्णन आहे. आणि घड्याळासाठी जझरीनं निवडलेला प्राणी कोणता, तर माहूत बसलेला हत्ती. योगायोग नसावा! घटी, घडी, घड्याळ हे शब्दही त्याच वाटीच्या कुळातले. 'घटका भरली' हा वाक्प्रचार तर आपण अजून वापरतो, वाटी कधीच पाहिलेली नसली तरी.

जझरीनं त्या वाटीचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. आपल्याकडे वाटीशेजारी एक माणूस बसवावा लागे. वाटी बुडली की त्यानं टोला द्यायचा, वाटी उचलून रिकामी करून पुन्हा सोडायची. राजवाड्यांत, देवळांत या कामाला घटकेवर लक्ष ठेवणारे नोकर असत. जझरीनं त्या माणसाची जागा यंत्राला दिली.

वाडग्याला दोऱ्या बांधलेल्या आहेत. ते खाली जाऊ लागलं की हत्तीच्या पाठीवर बसलेला लेखनिक हळूहळू वळतो आणि त्याच्या लेखणीचं टोक खुणांवरून सरकतं. अर्ध्या तासाला साडेसात खुणा, म्हणजे एक खूण चार मिनिटांची. वाडगं भरून बुडताच वरच्या मनोऱ्यातला गोळा सुटतो. घुमटावरचा पक्षी गिरकी घेतो. मनोऱ्यात बसलेला माणूस एका ससाण्यावरचा हात उचलतो, त्या ससाण्याच्या चोचीतून गोळा सापाच्या जबड्यात पडतो. गोळ्याच्या वजनानं साप खाली झुकतो आणि गोळा खालच्या भांड्यात टाकतो. माहूत हत्तीच्या डोक्यावर हातातलं अवजार मारतो, झांज वाजते. आता खरी गंमत: साप खाली झुकताना त्याला जोडलेली साखळी पोटातलं बुडालेलं वाडगं वर खेचते, ते रिकामं होऊन पुन्हा तरंगायला लागतं. गोळा गेला की साप हलका होऊन आपल्या जागेवर. पुढचा अर्धा तास सुरू!

वाडगं बुडतं म्हणून गोळा सुटतो, आणि गोळा पडतो म्हणून वाडगं पुन्हा तरंगतं. वर्तुळ पूर्ण. वरच्या मनोऱ्यात गोळे आहेत तोवर कुणी हात लावायची गरज नाही. प्रेक्षक वर माहूत आणि पक्षी बघून टाळ्या वाजवतात, आणि सगळ्याला चालवणारी वाटी अंधारात पोटात पाणी भरत बसलेली. मी पहिल्यांदा ही आकृती नीट समजून घेतली तेव्हा कामाचे दोन तास कुठे गेले कळलं नाही.

यात सगळा जीव त्या भोकात. साधं गणित करा. भोकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं, आणि अर्ध्या तासाचं वाडगं साधारण पंचवीस मिनिटांत बुडतं. केसाएवढ्या फरकाचा हा खेळ. भोक बारीक पडलं तर थोडं घासायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा मोजायचं. मुलांना सुट्टीत उद्योग हवा असेल तर घरची एखादी जुनी स्टीलची वाटी द्या, तळाला बारीक भोक पाडा, बादलीत सोडा आणि मोबाईलवर वेळ लावा. मग बरोब्बर दहा मिनिटांची वाटी करून दाखवा म्हणावं!

आणि भोक बुजलं तर? इथे भास्कराचार्य येतात. लीलावतीची कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधायला भास्कराचार्यांनी घटिकापात्र लावलं, ती वाकून बघायला गेली, तिच्या अंगावरच्या दागिन्यातला मोती वाटीत पडला, भोक बुजलं, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळला. ही दंतकथा आहे. फैजीनं सोळाव्या शतकात 'लीलावती'चं फारसी भाषांतर केलं त्यात ती येते. पण ज्यानं ती रचली त्याला घटिकापात्राचा दुबळा भाग पक्का माहीत होता.

भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'त यंत्रांवर एक अध्याय लिहिला आहे. त्यात घटीयंत्र आहे, आणि आरे पाऱ्यानं अर्धे भरलेलं, आपोआप फिरत राहणारं एक चाकही आहे. असं चाक फिरत राहू शकत नाही, हे आज दहावीचा मुलगा सांगेल. एवढ्या थोर गणितज्ञाच्या ग्रंथात ते कसं आलं, याचं मला नेहमी नवल वाटतं. बहुधा चाक लिहिणारा आणि चाक घडवणारा हे आपल्याकडे दोन वेगळे लोक होते. एकाच्या हातात लेखणी, दुसऱ्याच्या हातात हातोडी, आणि दोघांची भेट होत नसे. जझरीच्या बाबतीत दोन्ही एकाच हातात होतं.

तेही खरं म्हणजे थोडक्यात हुकलं असतं. जझरी पंचवीस वर्षं यंत्रं बनवत होता, पण पुस्तक लिहीत नव्हता. एकदा एक यंत्र बघून राजा महमूद खूश झाला, आणि असली कामं तुझ्याबरोबर नाहीशी होऊ नयेत म्हणून सगळं लिहून काढ, अशी त्यानं आज्ञा केली. इतिहासात या राजाचं नाव दुसऱ्या कशासाठी फारसं निघत नाही. मला विचाराल तर या एका आज्ञेसाठी त्याला सगळं माफ! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा, काम करायला सगळे तयार असतात. केलेलं काम दुसऱ्याला समजेल असं लिहून ठेव म्हटलं की प्रत्येकाला काहीतरी तातडीचं आठवतं.

जझरीनं मात्र लिहायला घेतलं ते मन लावून. पन्नास यंत्रं, सहा भागांत: दहा घड्याळं (सहा पाण्याची, चार मेणबत्तीची), दहा मैफिलीची भांडी, दहा हात धुण्याची आणि रक्त मोजण्याची साधनं, दहा कारंजी आणि वाजणारी यंत्रं, पाच पाणी उपसण्याची, आणि उरलेली पाच किरकोळ. प्रत्येक यंत्र बाहेरून कसं दिसतं ते आधी, मग एकेक भाग कसा घडवायचा, कुठे जोडायचा, मग सगळं मिळून कसं चालतं. आकृत्या रंगीत, भागांना अक्षरं दिलेली, म्हणजे मजकुरातलं अक्षर शोधून आकृतीत बोट ठेवता येतं. बनू मूसांच्या कारंज्यांबद्दल तो म्हणतो की त्यांच्या धारा फार लवकर बदलतात, बघणाऱ्याला मजा यायच्या आतच संपतात. मग आपण वेळ कशी वाढवली ते सांगतो. हातचं काही राखून ठेवल्याचं वाटत नाही. कारागिरांच्या दुनियेत, जिथे हुन्नर बापाकडून मुलाकडे कानात सांगून जातं, तिथे ही मोठी गोष्ट होती.

१२०६ साली पुस्तक पुरं झालं. त्याची सर्वांत जुनी उपलब्ध नक्कलही त्याच वर्षीची आहे, ती इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या संग्रहात आहे. आणि जझरीचा मृत्यूही त्याच सुमाराचा. म्हणजे राजाची आज्ञा आणखी काही वर्षं उशिरा आली असती तर आपल्या हाती काहीच लागलं नसतं. घटका भरत आली होती, आणि त्याआधी काम उरकलं.

योगायोग बघा, १२०७ साली आपल्याकडे चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख पाटणला आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी ही काळजी चाललेली: जाणत्या माणसामागे त्याचं ज्ञान टिकवायचं कसं?

जझरीचं टिकलं ते नकला करणाऱ्यांमुळे. शतकानुशतकं पुस्तकाच्या प्रती निघत राहिल्या. काही फाटल्या, आणि एकेक चित्र सुटं होऊन विकलं गेलं. १३१५ च्या प्रतीतलं हत्तीच्या घड्याळाचं पान आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. अशी सुटी पानं बोस्टनच्या म्युझियममध्येही गेली. तिथे काम करणाऱ्या आनंद कुमारस्वामींनी १९२४ मध्ये त्यांच्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. लोक तोवर या पानांकडे मुख्यतः सुंदर चित्रं म्हणून बघत होते. यंत्र म्हणून ती वाचायला तसाच माणूस हवा होता.

तो भेटला डोनाल्ड हिल. इंग्रज इंजिनिअर, इराक पेट्रोलियम कंपनीच्या नोकरीत अरब मुलुखात राहिलेला, म्हणजे एका अर्थानं आपल्यासारखाच आखाती चाकरमानी! पण हा गृहस्थ अरबी शिकला, आणि इतकी शिकला की जझरीचं अख्खं पुस्तक त्यानं इंग्रजीत आणलं. ते १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं. भाषापंडितांना जिथे शब्द अडत होते तिथे याला व्हॉल्व्ह दिसत होता.

मग ज्याची कुणीतरी परीक्षा घ्यायलाच हवी होती ती झाली. १९७६ साली लंडनमध्ये इस्लामी संस्कृतीचा मोठा महोत्सव भरला. त्यासाठी सायन्स म्युझियमनं किल्ल्याचं घड्याळ पूर्ण आकारात बांधायला घेतलं, जझरीनं लिहिलेल्या वर्णनावरून. मूळ यंत्राचा एक तुकडाही शिल्लक नव्हता, ते पाहिलेला माणूस मरून पावणेआठशे वर्षं झाली होती. टाक्या बसल्या, बूच बसला, दोऱ्या ओवल्या, पाणी भरलं. घड्याळ चाललं. ससाण्यांनी मान वाकवली आणि गोळे भांड्यात पडले.